केबल जाड होती, तांबं नव्हतं

ज्यांच्याकडे सहा व्होल्टची जुनी गाडी आहे किंवा जे ती घ्यायच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझे तीनदा पैसे गेले. आधी बॅटरीच्या केबलवर, मग बॅटरीवर, मग स्टार्टरवर. तिन्ही वेळा ते एकाच माणसाने घेतले. दोष त्याने पहिल्यांदा विकलेल्या केबलमध्येच होता, आणि पुढच्या दोन वस्तू त्याने तो दोष माहीत असताना माझ्या गळ्यात मारल्या. हे मी रागाच्या भरात म्हणत नाही. का म्हणतो ते पुढे येईल.

गाडी 1938 सालची. सहा सिलिंडर, सहा व्होल्ट, पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचं धन टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेलं. बॅटरी पुढच्या पायाखालच्या फळीखाली बसते आणि स्टार्टरचा स्विच पायाने दाबायचा आहे. इंजिन उघडून पूर्ण काम करून घेतलं होतं, नवे पिस्टन, नवे रिंग, नवे बेअरिंग. इंजिन अजून घट्ट होतं, पण सेल्फवर, म्हणजे स्टार्टरवर, व्यवस्थित फिरत होतं. जुन्या केबलवरचं सुती विणलेलं आवरण मात्र ठिकठिकाणी फाटलेलं होतं आणि ते माझ्या डोळ्यांत खुपायचं. बाकी सगळं इतकं मन लावून केलं, मग ही फाटकी केबल का ठेवायची, असं वाटून मी जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्या आणि दुरुस्तीही करणाऱ्या एका माणसाकडे गेलो.

त्याने दाखवलेली केबल पाहून माझं समाधान झालं. माझ्या अंगठ्याएवढी जाड, हाताला वजनदार, दोन्ही टोकांना चकचकीत लग, म्हणजे बोल्टवर बसणारी धातूची टोकं. आवरणावर मोठ्या अक्षरांत ‘हेवी ड्यूटी, झीरो गेज’ छापलेलं. तो म्हणाला, “साहेब, तुमच्या जुनीपेक्षा ही दीडपट जाड आहे.” खरंच होती. मग त्याने माझ्यासमोर मल्टीमीटर लावला, दोन्ही टोकांना सुया टेकवल्या, पडद्यावर शून्य ओहम आलं, बीप वाजला. “रोध शून्य. यापेक्षा चांगली केबल मिळणार नाही.” मी मान डोलावली. बॅटरीपासून स्टार्टरच्या स्विचपर्यंत सव्वा मीटरच्या आसपास एक आणि बॅटरीपासून चासीपर्यंत साठ सेंटीमीटरची दुसरी, अशा दोन्ही त्याने बसवल्या. इंजिन आणि चासी यांना जोडणारी जुनी विणीची पट्टी बदलायला हात पोचत नव्हता म्हणून ती तशीच राहिली. काढलेल्या जुन्या केबल “भंगार आहे” म्हणून त्याने ठेवून घेतल्या. मीही मागितल्या नाहीत.

त्या मल्टीमीटरच्या बीपबद्दल इथेच सांगतो, कारण माझ्यासारखे बरेच जण त्यावरच फसतात. साधा मल्टीमीटर ओहमच्या दहाव्या हिश्शापर्यंत नीट मोजतो. स्टार्टरच्या केबलमध्ये सगळा खेळ ओहमच्या हजाराव्या हिश्शाचा असतो. चांगली केबल असो, वाईट असो किंवा कुंपणाची तार असो, तो मीटर शून्यच दाखवणार. विकणाऱ्याला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही. रोज हेच काम करतो तो.

पहिले काही दिवस गाडी सकाळी सुरू व्हायची. आधीपेक्षा सेल्फ जरा जड वाटायचा, पण मी इंजिनच्या घट्टपणाला दोष दिला. खरी अडचण गाडी तापल्यावर सुरू झाली. वीसेक मिनिटं चालवून बंद केली की नंतर स्विच दाबल्यावर इंजिन अर्धा फेरा घ्यायचं आणि कण्हत थांबायचं. कधी फिरायचं पण पेटायचं नाही. हँडल मारलं की मात्र पहिल्या झटक्यात सुरू! तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही. दिवे लखलखीत होते, हॉर्न खणखणीत होता, बॅटरीवर मीटर लावला तर 6.3 व्होल्ट. स्टार्टरच्या टर्मिनलवर लावला तरी 6.3.

परत त्याच्याकडे गेलो. त्याने गाडीकडे नीट पाहिलंही नाही. “बॅटरीत दम नाही. दिवे लागतात, पण स्टार्टरला ताकद पुरत नाही.” नवी बॅटरी घातली, जुनी बदल्यात घेतली. नवी बॅटरी ताजी चार्ज केलेली असल्यामुळे दोन दिवस थोडा फरक पडला, मग पुन्हा तेच. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा त्याने स्टार्टर काढून घेतला. आतलं फिरणारं आर्मेचर आणि त्याभोवतीची फील्ड कॉइल दोन्ही जळत आलेत, रिवाइंडिंग करावं लागेल, म्हणजे तार नव्याने गुंडाळावी लागेल, म्हणाला. आठवड्याने स्टार्टर नव्या काळ्या रंगात परत आला. गरम गाडी तरीही उचलत नव्हती. तेव्हा त्याने सांगितलं, “आता एकच उपाय, पूर्ण गाडी बारा व्होल्टवर करून घ्या.” म्हणजे बॅटरी, जनरेटर, रेग्युलेटर, कॉइल, सगळे दिवे. इंधनाच्या काट्यासाठी वेगळा रोध. आणि सहा व्होल्टचा स्टार्टर बारा व्होल्टवर चालतो खरा, पण तो इतक्या जोरात फिरतो की त्याचा बेंडिक्सचा दाता (इंजिन फिरवायला पुढे सरकणारं छोटं दातेरी चाक) फ्लायव्हीलच्या दातेरी कडीवर आदळतो आणि कालांतराने दोन्हींचे दात खातो.

या टप्प्यावर मी थांबलो. जी गाडी सहा व्होल्टवर कारखान्यातून बाहेर पडली आणि तशीच वर्षानुवर्षं चालली, तिला एकाएकी सहा व्होल्ट का पुरू नयेत, हा प्रश्न मला तेव्हा पडला. तो पहिल्याच दिवशी पडायला हवा होता.

एका मित्राने एका म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे पाठवलं. सगळे त्यांना काका म्हणतात, मीही तेच म्हणू लागलो. काकांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “हे सगळं सुरू व्हायच्या आधी शेवटचं काय बदललं होतंस?” मी म्हणालो, केबल. त्यांनी ठिणगी पाडणाऱ्या इग्निशन कॉइलची वायर काढून अर्थ केली, म्हणजे गाडी सुरू होणार नाही, आणि मला पाच-सात सेकंद सेल्फ दाबायला सांगितलं. मग माझा हात धरून केबलच्या लगपाशी ठेवला. चटका बसला.

त्यानंतर त्यांनी जे मोजमाप केलं ते प्रत्येक जुन्या गाडीवाल्याने शिकून घ्यावं, साध्या मल्टीमीटरवर होतं. मीटर डीसी व्होल्टवर ठेवायचा. एक सुई बॅटरीच्या खांबावरच टेकवायची, क्लॅम्पवर नाही, थेट शिशाच्या खांबावर. दुसरी सुई केबलच्या दुसऱ्या टोकाला, स्टार्टर स्विचच्या बोल्टवर. म्हणजे मीटर केबलच्या दोन टोकांमध्ये लागला. आता सेल्फ दाबायचा. जितके व्होल्ट दिसतील तितके त्या केबलने आणि तिच्या जोडांनी वाटेत खाल्ले. मग तसंच अर्थच्या बाजूला, बॅटरीचा दुसरा खांब आणि स्टार्टरचं उघडं अंग यांच्यामध्ये. माझ्या गाडीत स्विचकडच्या बाजूला 0.6 व्होल्ट आले आणि अर्थच्या बाजूला 0.35. सहा व्होल्टच्या गाडीत एकेका बाजूला 0.1 ते 0.2 च्या आत असायला हवं. सेल्फ फिरत असताना काकांच्या डीसी क्लॅम्प मीटरवर प्रवाह 240 अँपिअर होता, आणि बॅटरीवर 5.1 व्होल्ट. त्यातले 0.95 वाटेतच गेले, स्टार्टरपर्यंत जेमतेम 4.15 पोचले.

मी आधी स्टार्टरवर 6.3 मोजले होते ते कसे, असं मी विचारलं. काका म्हणाले, “तेव्हा प्रवाह कुठे वाहत होता? नळ बंद असताना चोंदलेल्या पाइपातही दाब पूर्णच असतो.” दिव्यांचंही तसंच. सगळे दिवे मिळून पंधरा-वीस अँपिअर घेतात, तेवढ्याने केबलमध्ये काही शतांश व्होल्टच जातात आणि डोळ्याला काही कळत नाही. चूक उघडी पडते ती फक्त शेकडो अँपिअर वाहतात तेव्हा, आणि तेव्हा नेमका डोळ्यांसमोर स्टार्टर कण्हत असतो. म्हणून संशय नेहमी बॅटरीवर आणि स्टार्टरवर जातो, केबलवर जातच नाही. हा धंदा करणाऱ्याचं सगळं याच गोष्टीवर चालतं.

स्टार्टर ही मुळातच विलक्षण गोष्ट आहे. 1912 च्या कॅडिलॅकवर चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर आला, त्यामागची कल्पना अशी की मोटरला फक्त काही सेकंद काम करायचं आहे, तर लहान मोटरवरही तेवढ्या वेळेपुरता प्रचंड भार टाकता येतो. त्यामुळे गाडीतल्या इतर कुठल्याच वायरमधून जात नाही इतका प्रवाह या दोन केबलमधून जातो. मोटर स्थिर असताना पहिल्या क्षणी तर तो चालू प्रवाहाच्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त असतो, कारण फिरणारी मोटर स्वतःच उलटा दाब तयार करून प्रवाहाला आवर घालते, आणि थांबलेली मोटर तो करत नाही.

सहा व्होल्टला जाड केबल का लागते हे काकांनी मला कागदावर मांडून दाखवलं. तेवढीच शक्ती सहा व्होल्टवर घ्यायची तर बारा व्होल्टच्या दुप्पट अँपिअर लागतात. त्याच केबलमध्ये दुप्पट अँपिअर म्हणजे दुप्पट व्होल्ट वाया. आणि ते वाया जातात निम्म्या व्होल्टमधून. म्हणजे टक्केवारीत नुकसान चौपट. “नव्या गाड्यांनाही हीच केबल चालते,” असं मला केबल विकताना सांगितलं होतं. बारा व्होल्टच्या लहान इंजिनाला चालतही असेल, पण माझ्या गाडीला तिचा काही उपयोग नव्हता.

मला वाटत होतं की व्होल्ट कमी पडले की स्टार्टर जास्त अँपिअर ओढतो. काकांनी ते खोडून काढलं. जुन्या गाड्यांतले स्टार्टर सिरीज पद्धतीचे असतात, इंजिन फिरवायला जेवढा जोर लागतो त्यावर प्रवाह ठरतो आणि मिळणाऱ्या व्होल्टवर वेग. केबलने व्होल्ट खाल्ले की मोटर तेवढ्याच अँपिअरवर हळू फिरते. माझ्या गाडीत वेग साधारण चौथ्या हिश्शाने पडला असावा, असा त्यांचा हिशेब होता. त्यातच इग्निशन कॉइलची वायर स्टार्टर स्विचच्या त्याच बोल्टवरून घेतलेली. म्हणजे सेल्फ दाबलेला असताना कॉइललाही जेमतेम 4.15 व्होल्ट मिळत होते, आणि ठिणगी अशक्त पडत होती. हँडल मारताना स्टार्टर मध्ये नसतो, कॉइलला पूर्ण सहा व्होल्ट मिळतात. पहिल्या झटक्यात गाडी पेटायची ती यामुळे. आणि तापल्यावर त्रास वाढायचा, कारण घट्ट इंजिन गरम झाल्यावर आणखी जड फिरत होतं आणि धातू तापला की त्याचा रोधही वाढतो. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे 0.4 टक्के वाढतो. साठ अंशांनी तापलेली केबल जवळजवळ पाव पट वाईट होते.

मग आम्ही केबल कापली.

बाहेरचा व्यास 17 मिलिमीटर. आतल्या तारांचा जुडगा जेमतेम 6. बाकी सगळं प्लास्टिक. हाताला जाणवलेलं वजन त्या प्लास्टिकचं होतं. काकांनी एक तार काढून ब्लेडने खरवडली. वरून तांबूस, आतून पांढरी. अ‍ॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा पातळ थर! काडी पेटवून एक बारीक तार ज्योतीत धरली, ती लाल होऊन टिकायच्या ऐवजी मऊ पडून तुटली. अ‍ॅल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, तांबं 1085 ला.

तारा मोजल्या. 160 निघाल्या, प्रत्येक 0.4 मिलिमीटरची. क्षेत्रफळ काढायचं सूत्र सोपं आहे, तारांची संख्या गुणिले 0.785 गुणिले व्यासाचा वर्ग. आलं 20 चौरस मिलिमीटर. खऱ्या झीरो गेजला 53.5 हवं. त्यात अशी मिश्र तार तांब्याच्या दोनतृतीयांशापेक्षाही कमी वीज वाहून नेते. म्हणजे तांब्याच्या हिशेबात माझ्या हातात तेरा चौरस मिलिमीटरच्या आसपास काहीतरी होतं. सांगितल्याच्या चौथा हिस्सा. आवरण काढलेला दहा सेंटीमीटरचा जुडगा काकांच्या छोट्या काट्यावर ठेवला तर सात ग्रॅम भरला. 50 चौरस मिलिमीटर तांब्याचा तेवढाच तुकडा 45 ग्रॅम भरतो. हे वजन मला पाठ झालंय.

लगचा प्रकार वेगळाच. जाड केबलसाठीचा मोठा लग, आत बारीक जुडगा, आणि तो हातोडीने ठोकून चपटा केलेला. अ‍ॅल्युमिनियमवर हवेने लगेच ऑक्साइडचा थर चढतो आणि तो वीज अडवतो. शिवाय दाबाखाली ते हळूहळू पसरतं, म्हणजे आज घट्ट असलेला जोड काही दिवसांनी सैल. मला जिथे चटका बसला त्या केबलच्या जोडांवर 0.2 व्होल्टच्या वर जात होते. 240 अँपिअरला ते पन्नास वॅट होतात, छोट्या सोल्डरिंग आयर्नएवढी उष्णता, आणि तीही पायाखालच्या लाकडी फळीला चिकटून. पेट्रोलची गाडी आहे ही. पैशांपेक्षा मला याच गोष्टीचा अजून संताप येतो.

मग काकांनी स्टार्टरही उघडला. ‘रिवाइंडिंग’ केलेल्या फील्ड कॉइलवर जुनी, तेलाने काळवंडलेली सुती पट्टी जशीच्या तशी होती. आर्मेचरवर कुणाचा हात लागल्याची खूण नव्हती. नवे कार्बन टाकले होते, कॉम्युटेटर घासला होता, बाहेरून रंग दिला होता. बस. त्या माणसाने स्टार्टर उघडला तेव्हा आत काही जळलेलं नाही हे त्याला स्पष्ट दिसलं असणार. म्हणूनच मी सुरुवातीला म्हणालो की त्याला दोष माहीत होता.

कापलेला तुकडा घेऊन मी त्याच्याकडे गेलो. त्याचं उत्तर तयार होतं. “साहेब, आतली पांढरी तार म्हणजे कल्हई केलेलं तांबं, ते तर जास्त भारी असतं.” हे ऐकून गप्प बसू नका. कल्हईचं तांबं बाहेरून पांढरं आणि खरवडल्यावर आतून लाल असतं. माझी तार नेमकी उलटी होती. मी त्याच्यासमोर ब्लेडने खरवडून दाखवली. तेव्हा तो म्हणाला, मला वरून असाच माल येतो, मी काय करू. बॅटरीचं विचारलं तर जुनी पुढे गेली. जुन्या केबल? त्याही गेल्या. त्या अस्सल तांब्याच्या होत्या, नुसतं आवरण फाटलेलं होतं, आणि भंगारात तांब्याचं काय मोल आहे हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

तक्रार करायला मी पावत्या काढल्या. पहिल्या पावतीवर फक्त ‘बॅटरी केबल सेट’ लिहिलेलं. धातू नाही, क्षेत्रफळ नाही. स्टार्टरच्या पावतीवर ‘स्टार्टर दुरुस्ती’, रिवाइंडिंग हा शब्दच नाही. तोंडी जे जे सांगितलं होतं त्यातलं काहीही कागदावर नव्हतं. तुम्ही केबल घेताना पावतीवर ‘शुद्ध तांबं’ आणि चौरस मिलिमीटरमधला आकडा लिहून मागा. नुसतं ‘गेज’ चालणार नाही, कारण गेजच्या पद्धती एकाहून जास्त आहेत आणि आवरणावर काय छापायचं ते छापणाऱ्याच्या हातात असतं. लिहायला कुणी का-कू केलं तर तिथून निघा. तयार सेटचे लग आधीच बसवलेले असतात, आत बघता येत नाही. म्हणून रिळावरची केबल समोर कापून घेणं बरं, आणि कापलेल्या तोंडावर एक तार खरवडून बघायची. दुरुस्तीला दिलेल्या वस्तूतून निघालेले जुने भाग परत मागायचे, भंगार असले तरी.

नवी केबल काकांनी वेल्डिंगच्या केबलमधून केली. 50 चौरस मिलिमीटर, 0.4 च्या 396 तारा, सगळं तांबं, आणि वाकवायला अगदी मऊ. कल्हईचे तांब्याचे लग हायड्रॉलिक प्रेसने दाबले, वर आतून गोंद असलेली नळी तापवून आवळली, म्हणजे आम्लाची वाफ तारांत शिरणार नाही. चासीवर जिथे अर्थ येते तिथला रंग खरवडून धातू उघडा केला, बोल्ट आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावली. त्या जागी माझ्याच हौसेने दिलेला सुंदर काळा रंग होता आणि लग त्या रंगावरच बसवलेला होता, तेही या कामात कळलं.

पुन्हा मोजलं. स्विचकडच्या बाजूला 0.13, अर्थच्या बाजूला 0.11. स्टार्टरला आता 4.86 व्होल्ट पोचतात. त्याच बॅटरीवर, त्याच न गुंडाळलेल्या स्टार्टरवर गाडी गरम असतानाही दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्याला पेटते.

इंजिन आणि चासीमधली ती विणीची पट्टी, जिच्यापर्यंत त्याचा हात पोचला नव्हता, ती काकांनी काढून तारेच्या ब्रशने घासली, टोकांना नवं सोल्डर भरलं आणि परत लावली. अर्थच्या 0.11 मधले तिच्या वाट्याला फक्त 0.04 येतात. गाडीच्या मूळ वायरिंगमधला तेवढा एकच जड तुकडा आता माझ्याकडे उरलाय.